इंदूबाईंचं नाक आणि इटलीचे इवाई

इंदूबाईंचं नाक दिसायला अगदी साधं होतं. थोडं बसकं, शेंड्याशी रुंद, आणि वर चष्म्याने पाडलेले दोन लालसर डाग. पण चामोर्शीच्या आसपासच्या गावांतली मोठमोठ्या मिशांची माणसं त्या नाकाला घाबरून असायची.

आम्ही दोघी एकाच सरकारी दवाखान्यात होतो. त्या परिचारिका, मी औषधांच्या खिडकीत. गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी फार वर्षांपासूनची. बंदी आहे म्हणून दारू नाही, असं मात्र कुणी म्हणणार नाही. मोहाची झाडं काही कायदा वाचून फुलत नाहीत. दिवसभर दवाखाना केला की इंदूबाई संध्याकाळी महिला मंडळाच्या अध्यक्ष व्हायच्या. बाया गोळा करायच्या आणि कुणाच्या परसात, कुणाच्या तणसीच्या ढिगाखाली मडकी पुरलेली आहेत ते शोधून फोडायच्या. शोधायचं काम नाकाचं. फोडायचं काम बाकीच्यांचं.

हे नाक सगळ्याच कामाला चालायचं. तपासायला आणलेल्या बाळाला स्टेथोस्कोप लावण्याआधी त्या त्याचं डोकं हुंगायच्या आणि म्हणायच्या, "याचं पोट बरोबर नाई." डाळीचं पोतं, ड्रेसिंगचा कापूस, नव्या डॉक्टरचा रुमाल, काहीही नाकाखालून गेल्याशिवाय पास व्हायचं नाही. आणि खिडकीशी एखादा माणूस खोटं बोलायला लागला की आतून त्यांचा ठरलेला आवाज यायचा, "मले सांगू नको. माझ्या नाकाले सांग."

माणसांनी उपाय करून पाहिले. वेलदोडे चावले, पेरूची पानं चावली, एकाने टूथपेस्ट गिळली. गणपत नावाचा एक ट्रॅक्टरवाला कच्चा कांदा खाऊन आला होता.

"कांदा काऊन खाल्ला गा?" इंदूबाईंनी विचारलं.

"जेवण झालं बाई आत्ताच."

"जेवण तं झालं नाई तुझं. नुसता कांदाच येऊन राह्यला."

गणपत मुकाट्याने बाकावर जाऊन बसला. त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं.

आमचे हेही त्यातून सुटले नाहीत. आमचं घर सावलीला, म्हणजे वैनगंगेच्या अलीकडे, चंद्रपूर जिल्ह्यात. हे तिथे शाळेत शिक्षक. एकदा नागपूरचं एक लग्न आटोपून मला घ्यायला दवाखान्यात आले. लग्नात मित्रांनी आग्रह केला असावा. मोठ्या शहाणपणाने हे अंगणातल्या कडुनिंबाखालीच उभे राहिले. इंदूबाई व्हरांड्यातून म्हणाल्या, "सुधाकरभाऊ, लग्न कालचं होतं का परवाचं?"

"कालचं."

"मग परवाचा वास काऊन येऊन राह्यला?"

लग्नाच्या आदल्या दिवशीही बैठक झाली होती, हे मला तिथे कळलं.

इंदूबाई बौद्ध घरातल्या. विहारात वंदनेला बसल्या की दारू न पिण्याच्या पाचव्या शीलाला त्यांचा आवाज सगळ्यांपेक्षा वर चढायचा, आणि शेजारी बसलेले काही पुरुष नेमके तेव्हाच खोकायचे. बाहेरून कुणी पत्रकार आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "तुमचे मिस्टर प्यायचे का?" या प्रश्नाची त्यांना फार चीड. त्यांचा नवरा पोस्टात होता, चहासुद्धा मोजून घ्यायचा, आणि कावीळ होऊन गेला. "माझा माणूस पीत नव्हता," त्या म्हणायच्या. "बायकाईच्या कपाळाले टाके मी घातले आहेत. नवरा पिऊन मेल्याबिगर बाईले राग येऊच नये का?"

त्यांना एकच मुलगी, प्रज्ञा. इंजिनियर झाली, नोकरीला इटलीत तोरिनोला गेली आणि तिथे तिने मातेओ नावाच्या मुलाशी लग्न ठरवलं. फोन आला तेव्हा मी त्यांच्या घरी बसले होते. इंदूबाईंनी जात, धर्म, पगार काहीच विचारलं नाही. एवढंच विचारलं, "मुलगा पितो का?"

पलीकडून प्रज्ञा म्हणाली, "आई, त्यांच्या घरी तेच बनते."

मातेओचे वडील पिएत्रो हे पिएमोन्ते भागातल्या टेकड्यांवर द्राक्षं लावणारे शेतकरी. घराखालच्या तळघरात त्यांची वाइन व्हायची. आमच्या भाषेत सांगायचं तर इंदूबाईंचे इवाई, म्हणजे व्याही, भट्टीवाले निघाले.

त्यांनी फोन ठेवला. भाजी निवडायला घेतली. अख्खी मेथीची जुडी संपवली. शेवटी म्हणाल्या, "शोभा, ज्याची भट्टी फोडता येत नाई असा हा पहिलाच."

लग्न तिकडेच कोर्टात झालं. पुढे प्रज्ञाला दिवस गेले, आणि निवृत्त झालेल्या इंदूबाई तिच्या बाळंतपणाला इटलीला गेल्या. तो द्राक्षं तोडायचा हंगाम होता. प्रज्ञा मातेओकडच्याच घरी राहायला आलेली. त्यामुळे खाली तळघरात वाइन आंबतेय, वर इंदूबाई बाळंतिणीचे डिंकाचे लाडू वळताहेत, असं ते घर.

पहिले काही दिवस त्या नाकाला पदर लावून वावरल्या. मग त्यांनी पाळत ठेवायला सुरुवात केली. दुपारी जेवताना टेबलावर एक काचेचा जग यायचा, त्याला ना चिठ्ठी ना छाप. पिएत्रो त्यातून एक ग्लास घ्यायचे, कधी दीड, आणि जेवण झाल्यावर शिडी लावून छपरावर चढायचे. इंदूबाई शिडीखाली जाऊन उभ्या राहायच्या. पिएत्रोंना वाटलं, विहीणबाई शिडी धरायला येतात. ते रोज वाकून आभार मानायचे.

"मी काही धरत नव्हती," परत आल्यावर त्यांनी मला सांगितलं. "हा कवा पडते ते पाहून राह्यली होती. पडलाच नाई बाप्पा."

त्या जगातल्या वाइनचं नाव दोलचेत्तो. प्रज्ञाने सांगितलं की नावाचा अर्थ गोडुली, पण चवीला ती गोड नाही, तुरट असते. इंदूबाई लगेच म्हणाल्या, "म्हणजे आपली प्रमिला." प्रमिलाबाई मंडळाच्या उपाध्यक्ष, आणि अध्यक्षपदावर त्यांचा डोळा होता.

त्याच टेकड्यांवर एक फार महागडी वाइनही होते. तिच्या बाटल्या पिएत्रो तळघराच्या टोकाशी कुलपात ठेवायचे. ती सणासुदीला निघायची, किंवा दूरच्या गिऱ्हाइकाला जायची. घरात आणि गावात चालायची ती ही स्वस्तातली गोडुली. शनिवारी गावातली माणसं रिकामे कॅन घेऊन दाराशी येत. पिएत्रो टाकीचा नळ सोडून भरून देत. म्हाताऱ्या बाया, शाळेचे मास्तर, पाववाला, सगळे रांगेत.

"राशनच्या रॉकेलसारखी लाइन," इंदूबाई सांगत. "अन् कोणी तिथीच तोंड लावत नाई वं. घरी नेते. पोळीसंग, भाजीसंग पिते. पोरंबाळं समोर बसून असते. आपल्याइथी पिते तो माणूस जेवतच नाई. ताटाले लाथ मारते." मग लगेच म्हणायच्या, "तरी पण बंदी पाहिजेच. तिथले माणसं तिथी, आपले इथी."

नाकाची गोष्ट पिएत्रोंना योगायोगाने कळली. बाळाला फिरवत त्या एकदा तळघराच्या दाराशी आल्या आणि म्हणाल्या, "त्या कोपऱ्यातल्या पिंपाले ओल्या पोत्याचा वास येऊन राह्यला." प्रज्ञाने भाषांतर केलं. पिएत्रो हसले. मग पिंपाशी गेले, हुंगून आले, आणि हसायचे थांबले. दुसऱ्या दिवसापासून ते त्यांना सकाळी खाली बोलावू लागले. इंदूबाईंनी ग्लास हुंगायचा आणि जे वाटलं ते मराठीत सांगायचं. मग ग्लास पिएत्रोंकडे सरकवायचा, आणि त्यांनी प्यायचा. कधी कधी अंदाज साफ चुकायचा, तेव्हा दोघं भांडायचे, आपापल्या भाषेत. गावभर पिएत्रो त्यांना "नासो" म्हणू लागले. त्यांच्याकडे नाकाला नासो म्हणतात. "आपल्याइथी दूध नासते," इंदूबाई म्हणायच्या, "तिथी मले नासो म्हणते. अन् मी खुशीनं ओ देऊन राह्यली."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण प्रज्ञाने एक फोटो काढला, आणि तो कसा कोण जाणे मंडळाच्या व्हॉट्सअपवर आला. मागे लाकडाचं भलं मोठं पिंप, समोर इंदूबाई, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर समाधान, आणि हातात लाल वाइनचा ग्लास.

त्या परत आल्या त्याच आठवड्यात विहाराच्या सभागृहात बैठक लागली. मी पाहुणी म्हणून मागे बसले होते. प्रमिलाबाईंनी फोटो मोठा करून छापून आणला होता.

"अध्यक्षबाई, हे काय आहे?"

"ग्लास आहे," इंदूबाई म्हणाल्या.

"ग्लासात काय आहे?"

"दारू आहे."

सभागृहात चुळबुळ झाली.

"पेल्या का तुम्ही?"

इंदूबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "ग्लास माझ्या नाकाखाली आहे. तोंडाले लागला का नाई ते फोटोत दिसत नाई. अन् मी बी सांगत नाई. इतके वर्षं तुमच्यासंग रानोमाळ फिरली. आता शपथ घ्या म्हणत असाल तं मी घेणार नाई. दुसरी अध्यक्ष पाहा."

शपथ घेतली असती तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. मी नंतर रागावलेही त्यांच्यावर. त्या म्हणाल्या, "एक थेंब घेतली नाई वं. पण विचारलं कसं तिनं?" आणि तो विषय संपला. त्यांना फार लागलं होतं, हे त्यांच्या चालण्यावरून कळत होतं. एरवी छत्री टेकवत चालायची त्यांना सवय नव्हती.

प्रमिलाबाई अध्यक्ष झाल्या. पहिल्याच धाडीला बाया एका शेतावर गेल्या, अख्खी दुपार तणस उपसली, दोन विंचू निघाले, मडकं एकही नाही. बांधावर बसून शेतमालक त्यांना पाणी पाजत होता, आणि वरून ऊन फार आहे, जपून जा, असंही सांगत होता. दुसऱ्या धाडीलाही तेच. तिसऱ्या वेळी प्रमिलाबाई स्वतः इंदूबाईंच्या दारात आल्या.

"बाई, चला ना."

"मी काऊन? मी तं पेणारी बाई."

"चुकलं माझं. चला."

इंदूबाई चपला शोधायच्या आधी छत्री शोधायला लागल्या, मग छत्री तिथेच टाकून निघाल्या. शेतावर पोचल्यावर त्या तणसीकडे गेल्याच नाहीत. सरळ शेतमालकाच्या पाण्याच्या माठाजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "याच्या खालची माती उकरा." पुढच्या बैठकीत प्रमिलाबाईंनीच अध्यक्षपदासाठी त्यांचं नाव सुचवलं.

मग कोरोना आला. दुसऱ्या लाटेत इंदूबाई आजारी पडल्या, दवाखान्यात राहिल्या आणि बऱ्या होऊन घरी आल्या. थोड्या वाळल्या होत्या, पण धाडी पुन्हा सुरू झाल्या. मडकी आता तशी कमी सापडत. लोक म्हणत, बाईंच्या भेवानं लोकांनी धंदाच सोडला.

दरम्यान आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात मधली काही वर्षं लागलेली बंदी उठली होती. वैनगंगेवरच्या पुलाच्या अलीकडे दारू कायद्यात, पलीकडे कायद्याबाहेर, असा मामला झाला. आणि नेमके त्या थंडीत पिएत्रो सुनेचं गाव पाहायला निघाले. सोबत त्यांची बायको, मातेओ, प्रज्ञा आणि आता पळायला लागलेला नातू. नागपूरला उतरून गाडीने सावलीवरून चामोर्शीला जायचं होतं.

आदल्या दिवशी इंदूबाईंचा फोन आला. "शोभा, इवायाच्या बॅगेत बाटल्या आहेत. प्रज्ञा म्हणते, त्यानं स्वतः भरल्या, माझ्यासाठी म्हणून. आता पाहुण्याले नाई कसं म्हणू? अन् पूल कसा ओलांडू देऊ?"

"मग?"

"दुपारचं जेवण तुझ्याकडे. तुझं घर अलीकडे आहे. बाटल्या अलीकडेच राहतीन."

म्हणजे दारूबंदीच्या अध्यक्ष माझ्या घरी दारूची पंगत बसवणार होत्या. मी गावरान कोंबडी आणली, उडदाचे वडे केले. आमच्या यांनी नवीन शर्ट घातला आणि सकाळपासून तीनदा विचारलं, "मी बसायचं ना त्यांच्यासोबत? पाहुण्याला एकटं कसं बसवायचं?"

पिएत्रो धिप्पाड, लाल गालांचे. इंदूबाईंना पाहताच त्यांनी दारातूनच "नासो" म्हणून हाक मारली आणि वाकले. बॅग उघडून बाटल्या काढल्या. एकीवरही महागाचा छाप नव्हता. सासऱ्यांकडे पाहत प्रज्ञा म्हणाली, "रोजचीच आणली आहे. बाबा म्हणतात, घरच्या माणसासाठी घरचीच आणायची असते."

सगळे जेवायला बसले. प्रज्ञाने फोन काढून फोटो घ्यायला सुरुवात केली, आणि मला मंडळाची ती बैठक आठवली. पुन्हा एखादा फोटो चामोर्शीला पोचला तर? मी आत गेले आणि इंदूबाईंच्या ग्लासात बचत गटाकडून आणलेलं जांभळाचं सरबत ओतलं. रंग हुबेहूब. ग्लास त्यांच्या पुढ्यात ठेवला. कानात सांगणार तेवढ्यात नातवाने रश्श्यात हात घातला आणि माझं सांगायचं राहिलं.

पिएत्रोंनी बाकी सगळ्यांना वाइन वाढली होती. आमच्या यांनी पहिला घोट घेतला आणि भिऊन इंदूबाईंकडे पाहिलं. "प्या भाऊ," त्या म्हणाल्या, "पण वड्यासंग प्या." मग पिएत्रोंनी त्यांच्याकडे बोट करून काहीतरी म्हटलं. प्रज्ञा हसत म्हणाली, "आई, बाबा म्हणतात, नासोने सांगावं यंदा कशी झाली."

इंदूबाईंनी समोरचा ग्लास उचलला. मला ओरडावंसं वाटलं, पण म्हटलं असू दे, आता हुंगतील आणि मलाच रागावतील. त्यांनी डोळे मिटले. ग्लास नाकाखाली धरला, हळू फिरवला, पुन्हा हुंगला.

"दोलचेत्तो," त्या म्हणाल्या. "अन् चांगली उतरली यंदा. मागच्यापेक्षा बरी. ओल्या पोत्याचं काई नाई."

माझ्या हातातला डाव तसाच राहिला.

तळघरातल्या सवयीप्रमाणे त्यांनी ग्लास पिएत्रोंकडे सरकवला. पिएत्रोंनी मोठा घोट घेतला. घोट तोंडातच राहिला. त्यांनी एकदा ग्लासाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, मग बराच वेळ इंदूबाईंकडे. सरबत गिळलं. उरलेलंही सगळं पिऊन टाकलं आणि ग्लास उपडा ठेवला.

"दोलचेत्तो," ते गंभीरपणे म्हणाले, आणि छातीवर हात ठेवून मान लववली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या यांनी सगळ्यात जोरात.

जेवणं झाल्यावर इंदूबाई माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आल्या. ओट्यावर सरबताची रिकामी बाटली होती. त्यांनी ती पाहिली, झाकण उघडलं, नाकाशी धरलं, पुन्हा लावलं.

"हे माझ्या ग्लासात होतं?"

"फोटोसाठी म्हणून..." मी म्हटलं. "मला वाटलं तुम्ही ओळखाल. मग म्हटलं, सर्दी झाली असेल."

"मले सांगू नको," त्या सवयीने म्हणाल्या. "माझ्या..." आणि थांबल्या.

मी नळ बंद केला.

"कोरोनापासून," त्या म्हणाल्या. "फिनाईल नाई, मोहा नाई, काईच नाई. पहिले वाटलं येईल वापस. आता नातू आला, त्याचं डोकं हुंगलं." त्यांनी ओट्यावरची बाटली सरळ करून ठेवली.

"पण मागच्या महिन्यात गणपतला पकडलं ना तुम्ही?"

"मी काय पकडलं? मी त्याच्याजवळ जाऊन नुसती उभी राह्यली. त्यानंच सांगतलं, किती पेला अन् कुठी पेला." त्यांना आता हसू येत होतं. "तवापासून असंच चालू आहे. कोणाले सांगू नको वं. भेव आहे तोवर काम होते."

दुपारी बाकीचे जरा लवंडले, तेव्हा मी खिडकीतून पाहिलं. परसात पिएत्रो आणि इंदूबाई उभे होते. पिएत्रोंनी कढीपत्त्याचं पान चुरगाळलं आणि त्यांच्या नाकाशी धरलं. इंदूबाईंनी मान हलवली. मग लिंबाचं पान. मान हलली. मग तुळस, मग गवती चहा. परसात जे जे होतं ते सगळं त्या माणसाने चुरगाळून पाहिलं. शेवटी त्यांचा हात हातात घेऊन थोपटला आणि स्वतःच्या भाषेत बरंच काही सांगितलं. प्रज्ञा तिथे नव्हती, तरी इंदूबाई ऐकत होत्या.

संध्याकाळी निघायच्या आधी त्यांनी सगळ्यांच्या बॅगा व्हरांड्यात उघडायला लावल्या, इवायाचीसुद्धा. न फोडलेल्या बाटल्या माझ्या कपाटात गेल्या. मगच गाडी पुलाकडे निघाली. यांनी त्या कपाटाला त्याच रात्री तेलपाणी केलं, दार कुरकुरतं म्हणून.

त्यानंतर रोज सकाळी इंदूबाई लिंबाचं पान, लवंग असलं काही काही हुंगत बसायच्या. इवायाने सांगितलं होतं, सोडू नका, नाक पुन्हा शिकतं म्हणून. "कवा कवा काईतरी आल्यासारखं वाटते," एवढंच त्या सांगायच्या. पुढच्या उन्हाळ्यात त्या झोपेतच गेल्या.

त्याआधी महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत मी त्यांना शेवटचं पाहिलं. वैनगंगेच्या वाळवंटाकडे उतरणाऱ्या वाटेवर मंडळाचा छोटा मांडव होता. मांडवाच्या तोंडाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत इंदूबाई बसल्या होत्या, नाक किंचित वर करून. गर्दी त्यांच्यासमोरून जात होती. त्यांना पाहून काही माणसं वाटेतच थबकत, आपसात काही बोलत, आणि मागे फिरून तापलेल्या वाळूतून लांबचा वळसा घालत. एकाने तर जवळ येऊन आपणहून खिशातली बाटली काढून टेबलावर ठेवली. इंदूबाई त्याच्याकडे पाहून नुसत्या "हूं" म्हणाल्या.

मी शेजारी जाऊन बसले. बोलता बोलता त्या एकदम माझ्याकडे वळल्या, वाकल्या, आणि माझ्या केसांजवळ नाक आणून थांबल्या.

"शोभा," त्यांनी हळूच विचारलं, "चमेलीचं तेल लावलं का वं आज?"

मी जन्मभर खोबरेल लावत आले आहे.

"हो बाई," मी म्हटलं. "चमेलीचंच."

इंदूबाई खुर्चीत मागे टेकून बसल्या. थोडा वेळ नदीकडे पाहिलं. मग समोरून जाणाऱ्या एका मिशीवाल्याला बोट करून त्या म्हणाल्या, "ए भाऊ, जरा इकडे ये."